कुणाचं, कशासाठी, कवापर्यंत

नोकरीला लागून मला तीनच दिवस झाले होते, तेव्हा सुजाताआक्कांनी पुण्याहून आलेल्या इंजिनिअरच्या थोबाडीत ठेवून दिली. आवाज असा निघाला की बाहेर स्ट्रेचर ढकलणारा वॉर्डबॉय जागच्या जागी थांबला. इंजिनिअरचा चष्मा टेबलाखाली गेला. आक्कांनी तो वाकून उचलला, पदराला पुसला, त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता बस. आन् काय केलंस ते पयल्यापास्नं सांग." मी दाराजवळ उभा होतो. ही नोकरी आपल्याला झेपणार नाही, एवढंच मला त्या क्षणी कळलं.

पुढं आठ वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. मार एकदाही खाल्ला नाही. शिव्या किती खाल्ल्या ते आता आठवत नाही.

हॉस्पिटल कोल्हापुरातलं, मोठं आणि खाजगी. नाव सांगत नाही, सांगण्यासारखं ते वागलेलं नाही. पुराच्या धास्तीनं सर्व्हर रूम दुसऱ्या मजल्यावर होती. केसपेपर, लॅबचे रिपोर्ट, एक्स-रे, कॅमेऱ्यांचं चित्रण, सगळं तिथल्या सहा सर्व्हरवर चालायचं. एकेका सर्व्हरच्या पोटात सहा-सात आभासी मशीन, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरनं उभे केलेले कॉम्प्युटर, नांदायची, आणि या सगळ्या संसाराची दुसरी जोडी गडहिंग्लजच्या शाखेत ठेवलेली होती. इथं आग लागली तरी तिथून काम सुरू व्हावं, हा हेतू. त्यासाठी प्रत्येक मशीनचा ठरावीक वेळानं स्नॅपशॉट निघायचा, म्हणजे त्या क्षणी मशीन जसं होतं तसं गोठवून ठेवायचं. मागच्या स्नॅपशॉटपासून जेवढं बदललं तेवढंच मग गडहिंग्लजला जायचं.

मला हे पुस्तकातून कळेना. आक्कांनी एका दमात समजावलं. "मास्तर, घराचा फोटो काढायला जागा लागत न्हाय. पण फोटोत दिसतंय ते कायबी फेकायचं न्हाय, असा नेम केलास तर? नवं कपाट आणलंस तरी जुनं ठिवायलाच लागतंय. रोज फोटो काढ, जुनं कायबी फेकू नगो, आन् बघ महिन्यात घर कसं भरतंय." मी आधी मंगळवार पेठेत टायपिंगचा क्लास चालवायचो, म्हणून मी 'मास्तर'. शिकवायच्या मात्र त्या.

त्या इंजिनिअरनं केलं होतं ते असं, की जागा भरत आली म्हणून सगळ्यांत जुना स्नॅपशॉट उडवला. कुणालाही वाटेल, जुनं ते आधी काढावं. पण मधले काही दिवस गडहिंग्लजला काही पोचलंच नव्हतं, म्हणून कोल्हापूर आणि गडहिंग्लज या दोन्ही बाजू अजून नेमक्या त्याच स्नॅपशॉटवर उभ्या होत्या. तो गेल्यावर काय बदललं हे मोजायचं कशावरून? अख्खं हॉस्पिटल पहिल्यापासून पुन्हा गडहिंग्लजला पाठवावं लागलं, आणि त्याला अकरा दिवस गेले. दुपारी आक्कांनी आपल्या डब्यातली भाकरी त्याच इंजिनिअरपुढं ठेवली. तो लाल गालानं मुकाट जेवला. प्रशासकसाहेबांनी आक्कांना 'शारीरिक हिंसेबद्दल' मेमो दिला, तो त्यांनी एसीच्या बटणांवर चिकटवून ठेवला. आल्यागेल्याला दाखवायच्या, "वाच की. इंग्रजीत हाय."

अंगानं त्या एवढ्याशा होत्या. चाळिशी ओलांडलेली, सर्व्हर रूमच्या गारठ्यासाठी पुरुषी स्वेटर, चपला दाराबाहेर. मूळच्या कुरुंदवाडच्या. केसपेपर टाइप करायला म्हणून हॉस्पिटलात लागल्या आणि स्टोरेजची इंग्रजी पुस्तकं शिव्या घालत वाचून काढून या खोलीच्या मालकीण झाल्या. मंगळवार पेठेत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. डाव्या हाताची दोन बोटं वाकायची नाहीत. टाइप करताना ती दोन्ही ताठ वर उभी असायची. काय झालं म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "न्हाणीत घसरून पडलो. कागदावर तसंच लिवलंय." त्या कोल्हापुरी बायकांसारखं 'आलो, गेलो'च बोलायच्या. आवाज असा होता की पुढचं विचारायची छाती झाली नाही.

भिंतीवर एक पांढरा बोर्ड होता. त्यावर रोज सकाळी किती टक्के जागा भरली तो आकडा, आणि खाली तीन रकाने : कुणाचं, कशासाठी, कवापर्यंत. रोजचे स्नॅपशॉट सात दिवस ठेवायचे आणि आपोआप जायचे. त्यापेक्षा जास्त कुणाला काही ठेवायचं असेल तर या तीन रकान्यांत लिहायचं. उत्तर नसेल तर आक्का तीन दिवस विचारायच्या आणि चौथ्या दिवशी उडवायच्या. 'डिलीट' हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. "मुरगाळ त्याची मान," म्हणायच्या. "काप." "गाड त्याला." एक्स-रेच्या मोठ्या डॉक्टरांनी एकदा "असू द्या हो, लागेल कधीतरी" म्हटलं, तेव्हा हातातला मार्कर भिरकावला तो त्यांच्या टकलाला लागला. "असू द्या म्हणणाऱ्याच्या घरात झुरळं हुत्यात," वर हे.

हा राग उगाच नव्हता. पंचाण्णव टक्के जागा भरली की ती सगळी मशीन लिहायचं थांबवायची. एकदा तसं झालं होतं. अतिदक्षता विभागातले मॉनिटरचे पडदे गोठले आणि वीस मिनिटं नर्सेस हातानं नाड्या मोजत धावत होत्या. "जागा भरली की माणूस मरतंय," आक्का म्हणायच्या, आणि म्हणून कुणावर दया करायच्या नाहीत.

आणखी एक वाक्य त्यांच्या तोंडी असायचं. कुणी आवाज चढवला, अंगावर आलं, की म्हणायच्या, "एकदा मार खाल्लाय. पुन्यांदा न्हाय."

त्याची परीक्षा एका मंगळवारी झाली. आदल्या दिवशी दुपारी दीपाली नावाची एक तरणी बाई डोक्याला मार लागून दाखल झाली होती. मंगळवारी सकाळी, पोलीस जबाबाला यायच्या आधीच ती गेली. बाराच्या सुमाराला तिच्या सासरचे तीस-चाळीस जण टेम्पोतून उतरले. डॉक्टरांच्या हलगर्जीपणानं सून मेली, अशी बोंब मारतच. रिसेप्शनची काच पहिल्या दगडात खाली आली. माशांची टाकी फुटली आणि मासे फरशीवर तडफडायला लागले. वॉचमनचं डोकं फुटलं. एका नर्सला केसांना धरून बाकावरून ओढलं. कॉम्प्युटर उचलून जिन्यावरून फेकत होते. आणि कुणीतरी ओरडलं, "क्यामेऱ्याचं मशीन वर हाय! फोडा त्ये आधी!"

मी टेबलाखाली गेलो. खोटं कशाला बोलू. तिथून मला फक्त पाय दिसत होते, आणि उंबऱ्यात आक्कांचे अनवाणी पाय. त्यांनी भिंतीवरचा आग विझवायचा लाल सिलिंडर उपसला होता.

"बाजूला हो म्हातारे!"

"म्हातारी तुझी आय. पाऊल टाक आत."

लोखंडी गज आला तो त्यांच्या डाव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मी टेबलाखाली ऐकला, अजूनही कधी कधी ऐकतो. आक्का ओरडल्या नाहीत. सिलिंडरची पांढरी वाफ सुटली आणि सगळा पॅसेज नाहीसा झाला. त्या वाफेत त्यांनी तो सिलिंडर एका हातानं फिरवला असावा, कारण एक गडी धाडकन माझ्यासमोर आडवा झाला. तोंडातून रक्ताची गुळणी आणि दोन दात. "या की!" आक्का किंचाळत होत्या. "या! अजून कोण हाय?" पुढचे दोघे घसरून पडले, मागचे खोकत जिन्याकडं पळाले. पोलीस आले तेव्हा आक्का उंबऱ्यात बसल्या होत्या, केसांत रक्त, हात मांडीवर भलत्याच कोनात.

"मास्तर, भाईर ये. सर्व्हर चालू हायत का बघ."

मग हाताकडं बघून म्हणाल्या, "त्याच हातावर सगळ्यांचा डोळा."

दात पडलेला गडी दीपालीचा नवरा निघाला. आक्कांना ते दुसऱ्या दिवशी कळलं. "माहीत असतं तर अजून एक दिली असती," म्हणाल्या. त्यानंही आक्कांवर फिर्याद दिली होती, निष्पाप शोकाकुल माणसाचे दात पाडले म्हणून.

त्याच बुधवारी, प्लास्टर ओलं असतानाच, अपघात विभागातली तरुण डॉक्टरीण आमच्याकडं आली. दार लावून घेतलं. दीपालीला तिनंच दाखल करून घेतलं होतं.

"आक्का, मी लिहिलेली नोंद बदललीय. माझ्याच नावावर. मी काल संध्याकाळी कामावर नव्हतेसुद्धा."

आक्कांनी खुर्ची पुढं ओढली. सोमवारचा स्नॅपशॉट सात दिवसांतला होता, म्हणजे अजून शाबूत. त्यातून केसपेपरचं मशीन वेगळं उभं केलं आणि आताची नोंद शेजारी लावली. आताची होती : 'जिन्यावरून घसरून पडल्याचे नातेवाईक सांगतात.' सोमवारी डॉक्टरणीनं रुग्णाचे शब्द जसेच्या तसे टाइप केले होते : 'नवऱ्याने बत्त्याने डोक्यात मारले. मी पडले नाही. पडली म्हणून लिहू नका.'

मंगळवारी संध्याकाळी प्रशासकसाहेब आणि सासरच्या मंडळींची बंद दाराआड बैठक झाली होती, हे सगळ्या हॉस्पिटलला माहीत होतं. सासरच्यांनी हलगर्जीची तक्रार मागं घेतली. त्या बदल्यात काय दिलं गेलं, ते आता समोर होतं.

आक्कांनी पर्समधून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत घडीवर विरलेला पिवळा केसपेपर. तो कीबोर्डवर ठेवला. 'न्हाणीघरात घसरून पडली.' खाली त्यांचं नाव, वय तेवीस.

"नवऱ्यानं दाराच्या फटीत हात घातला माझा आन् दार लावलं," आक्का म्हणाल्या. "दोनदा. डॉक्टरला मी सांगितलं व्हतं. त्यानं लिवून घेटलं, मी बघितलं. सांजच्याला सासरा येऊन गेला आन् कागद बदलला. माझ्याजवळ दुसरा कागद न्हवता, मास्तर."

डॉक्टरीण रडायला लागली. मीही. आक्का उठल्या आणि उजव्या हातानं बोर्डावर लिहिलं. कुणाचं : दीपालीचं. कशासाठी : तिनं सांगितलंय म्हणून. कवापर्यंत : पोलीस येईस्तोवर.

स्नॅपशॉट आपोआप जाऊ नये म्हणून त्यांनी तो इथं आणि गडहिंग्लजला दोन्हीकडं रोखून धरला. नुसती त्या पानाची प्रत काढून चालणार नव्हती. ती तुम्हीच बनवली असं कुणीही म्हणेल. गोठलेलं अख्खं मशीन, दोन गावांत, एकाच वेळेच्या शिक्क्याचं, हाच पुरावा होता. डॉक्टरणीनं आणि आक्कांनी पोलिसांत अर्ज दिला. तपासणारे सायबरवाले आज येतो, उद्या येतो करत राहिले.

आणि इकडं ते कपाट भरायला लागलं. केसपेपरचं मशीन सगळ्यांत धावपळीचं. जेवढं नवं बदलेल तेवढं जुनं त्या एका स्नॅपशॉटपायी जपून ठेवावं लागत होतं. अठ्ठ्याहत्तर टक्क्यांचे ब्याऐंशी झाले, मग शहाऐंशी, मग एक्क्याण्णव. आक्का विभागाविभागांत जाऊन भांडायला लागल्या. प्रशिक्षणाची मशीन कापली, चाचणीची कापली, कुणाचे जुने व्हिडिओ होते ते गाडले. लोक शिव्या देत होते. सात दिवसांचा नियम करणारी बाई स्वतः तीन आठवडे एक स्नॅपशॉट कवटाळून बसली होती.

प्रशासकसाहेब स्वतः वर आले. "एका मेलेल्या बाईच्या कागदासाठी जिवंत पेशंट मारणार का? पंचाण्णव झालं की काय होतं ते तुम्हीच आम्हाला शिकवलंय." माणूस नीच होता, पण बोलत खोटं नव्हता, हेच वाईट होतं. साहेबांनी लेखी हुकूम टेबलावर ठेवला आणि पुण्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्कांचा मोबाइल वाजला. मार खाल्लेला तोच इंजिनिअर.

"आक्का, तुमचा तो स्नॅपशॉट उडवायला मला बोलावलंय. कराडजवळ आहे. गाडी पंक्चर झालीय असं साहेबांना सांगितलंय. झालेली नाही. तुम्हाला किती वेळ हवाय?"

"उद्या दुपारपतोर. पोलिसांचं पक्कं झालंय."

"मग दोन टायर पंक्चर झालेत." फोन ठेवता ठेवता म्हणाला, "गाल बरा आहे आता."

पण बोर्डावर चौऱ्याण्णव होते, आणि उद्या दुपारपर्यंत पंचाण्णव होणार हे आम्हा दोघांनाही कळत होतं. कापायला काही उरलं नव्हतं. म्हणजे एकच उरलं होतं. बोर्डावर दीपालीच्या खालची ओळ. कुणाचं : माझं. कशासाठी : केस. तो कॅमेऱ्यांच्या मशीनचा मंगळवारचा स्नॅपशॉट होता. पॅसेजच्या चित्रणात गज आधी आणि सिलिंडर नंतर, हे स्पष्ट दिसत होतं. कॅमेरे पंधरा दिवसांनी जुनं पुसून नवं लिहितात, आणि गडहिंग्लजची जोडी सात दिवसांनी आपोआप गेली होती, म्हणजे ते दुसरीकडं कुठंही नव्हतं. नवऱ्याच्या फिर्यादीला आक्कांजवळ तेवढंच उत्तर होतं. त्यातला तुकडा काढून घ्यायचा तर आधी ते मशीन उभं करायला हवं, त्याला आणखी जागा हवी, आणि तीच तर नव्हती.

"आक्का, नको," मी म्हटलं. "तुरुंगात जाल."

"माझी जीभ जाग्यावर हाय अजून. मी कोर्टात सांगतो की. तिनं कुणाला सांगायचं?"

आणि माऊसवर हात ठेवून, नेहमीच्याच आवाजात, "मुरगाळतो मान."

सत्त्याऐंशी झाले. दुसऱ्या दिवशी पोलीस आले, दोन्ही गावांतून दीपालीच्या स्नॅपशॉटच्या सीलबंद प्रती घेऊन गेले. आठवड्यात नवरा आत गेला. आक्कांचा करार हॉस्पिटलनं पुढं वाढवला नाही. त्यांच्यावरची केस अजून चालू आहे. तारखेला मी जातो. 'गज आधी आला' असं मी साक्षीत सांगितलं, तर वकिलानं विचारलं, तुम्ही त्या वेळी कुठं होता? टेबलाखाली, म्हणालो. कोर्ट हसलं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटलेली नाही.

पोलीस येऊन गेल्यावर दीपालीचा स्नॅपशॉट उडवायला हवा होता. आक्कांनी तो ठेवला. तिसऱ्या रकान्यातलं पुसून लिहिलं : आई येईस्तोवर. नवरा का आत गेला, हे आईला लोकांकडून उडत उडत कळलं होतं. मुलीचे शब्द तिला कुणी दाखवले नव्हते. आक्कांनी तिच्या गावी, आजऱ्याला, निरोप धाडला.

ती आली आक्कांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी. काजूच्या कारखान्यात काम करणारी, फोलांच्या तेलानं काळीठिक्कर पडलेली बोटं. वाचता येत नव्हतं. आक्कांनी तिला खुर्चीत बसवून पडद्यावरचं हळू वाचून दाखवलं. 'नवऱ्याने बत्त्याने डोक्यात मारले. मी पडले नाही. पडली म्हणून लिहू नका.'

बाई उठली आणि तिनं आक्कांच्या छातीत बुक्की मारली. मग दुसरी. मग दोन्ही हातांनी, तोंडावर, खांद्यांवर, मिळेल तिथं. "सांगितलं व्हतं की तिनं! तुमास्नी सांगितलं व्हतं! मेल्यावर काय दावतीस मला?" मी मधे पडायला धावलो, यावेळी खरंच धावलो. आक्कांनी मानेनंच मला थांबवलं. ज्या बाईनं मारायला आलेल्या माणसाचे दात पाडले होते, ती दोन्ही हात खाली सोडून उभी होती. ओठ फुटला. हात वर आला नाही. मारता मारता ती आई खाली बसली आणि फरशीवर आपलंच कपाळ आपटायला लागली. "मलाबी सांगितलं व्हतं गं तिनं. तीनदा आल्ती माझ्याकडं. मीच परत धाडली. मीच."

आक्का खाली बसल्या. तिच्या कपाळाखाली त्यांनी आपला नुकताच प्लास्टरमधून सुटलेला डावा हात घातला, आणि पुढचे सगळे तडाखे त्या हातावर पडले. ती थांबेपर्यंत तो काढला नाही.

मग उठल्या. स्नॅपशॉट निवडला, उडवला. बोर्डावरची ओळ तळव्यानं पुसली. मी म्हटलं, "राहू दे ना आक्का, तेवढं नाव." फुटक्या ओठानं म्हणाल्या, "काम झालं की पुसायचं. न्हायतर जागा भरती." त्या दिवशीचा आकडा लिहिला, एकाहत्तर, आणि मार्कर माझ्या हातात दिला.

मी खिडकीतून बघत होतो. दोघी फाटकातून बाहेर पडल्या. रस्ता ओलांडताना आईनं आक्कांचा हात धरला होता, आणि त्या काळ्या मुठीतून आक्कांची न वाकणारी दोन बोटं ताठ बाहेर आलेली दिसत होती.